पुरुषांचं पातेलं

॥ श्री ॥

धुळे, १२ जानेवारी १९९२

ती. सौ. अक्कास,

धाकट्या रुपचंदचा सा. न. वि. वि.

आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची हाताला सवय आहे, म्हणून हात तिकडेच चालला होता, पण थांबवला. खुशाल नाही. अभिमनला महिनाभर शौचातून रक्त जातंय. आपल्या कौतिकभाऊंचं एकुलतं एक पोर, माझ्या घरात राहून आयटीआयला जातंय, आणि मला पत्ता नाही! लाजेने बोलला नाही म्हणे. लिलाने त्याचे कपडे धुवायला घेतले तेव्हा उघडकीला आलं.

इथल्या सर्जनसाहेबांनी नळी घालून पाहिलं. मोड आहेत म्हणाले. मला आपलं वाटलं मूळव्याध असेल, विसाव्या वर्षी जरा लवकर, पण असेल. तर म्हणाले की नाही, हे मोठ्या आतड्याच्या आतले मोड आहेत आणि शेकड्यांनी आहेत, सुपात हरभरा पसरावा तसे. मग त्यांनी विचारलं की याचे वडील कशाने गेले. मी कौतिकभाऊंचं सांगितलं, आतड्याचा कॅन्सर, एक्केचाळिसावं वर्ष. आजोबा? नानांचं सांगितलं, रक्ती आव म्हणत होते, त्रेचाळिसावं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, हे दुखणं रक्तातून येतं. आज हे मोड साधे आहेत, पण राहू दिले तर त्यातल्या एखाद्याचा कॅन्सर होणारच, प्रश्न फक्त कधी एवढाच. मोठं आतडं काढून टाकणं हाच इलाज, आणि त्यासाठी मुंबईला न्या.

अक्का, तीन वर्षांपूर्वी कौतिकभाऊंना आपण बोदवडच्या गाडीतून घरी आणलं ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आणि खोटं कशाला बोलू, मी अडतीसचा आहे. रोज सकाळी संडासात मीसुद्धा वाकून बघतो.

लिला तिच्या शिरपूरच्या बोलीत म्हणते की बठ्ठं ठीक व्हई जाई, सगळं ठीक होईल. ती असं म्हणाली की मला जास्तच भीती वाटते. आईला काय सांगायचं ते तू ठरव. तुझा लोभ आहेच, या वेळी त्यातून थोडं धैर्यही पाठव.

तुझा,
रुपचंद

॥ श्री ॥

नशिराबाद, १७ जानेवारी १९९२

चि. रुपचंद यास,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. दोनदा वाचलं, मग तुझ्या दाजींना वाचायला दिलं. ते नेहमीप्रमाणे काहीच बोलले नाहीत, पण संध्याकाळी चालत जाऊन मुंबईची तिकिटं कशी मिळतील ते विचारून आले.

आता ऐक. रडत बसू नकोस. पोराला मुंबईला न्यायचं, मी येणार. शाळेत रजेचा अर्ज टाकला आहे. हेडमास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या, मी त्याहून मोठ्या घातल्या. आईला मी सांगीन. तिला फार सांगावं लागणार नाही. नवरा गेला, मोठा मुलगा गेला, दोघांच्या वेळी तिनेच अंथरूण धुतलं.

तुला आठवतं ना, आपल्या घरी दोन पातेली असायची? एक बायकांचं, झणझणीत, वर लाल तर्री. दुसरं पुरुषांचं, बिनतिखटाचं, कारण या घराण्यातल्या पुरुषांचं पोट नाजूक. आजी तसंच करायची, आई तसंच करते. नाना जेवायला बसले की पहिल्यांदा पातेलं कुठलं ते विचारायचे. आपल्याला वाटायचं सगळ्यांच्याच घरी दोन पातेली असतात. आता कळतं, ते पातेलं म्हणजे या दुखण्याचंच नाव होतं, फक्त कोणी घेतलं नाही.

तूसुद्धा नळी घालून घे. लाज वाटली तर कौतिकला आठव आणि घे. आम्हा बायकांची पोटं देवाने दगडाची केली म्हणून बरं, नाहीतर तुमची उस्तवार कोणी केली असती? माझं म्हणशील तर मूळव्याध अधूनमधून डोकं वर काढते, तेवढंच. सुरण, ताक आणि वैद्यबुवांची पुडी चालू आहे. खुर्चीवर बसवत नाही तेव्हा उभ्याने हजेरी घेते. पोरांना वाटतं बाई कडक आहेत.

लिलाला आशीर्वाद. लोभ ठेव, आणि अभिमनला दटावू नकोस.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥

धुळे, २९ मार्च १९९२

ती. सौ. अक्कास,

सा. न. वि. वि.

तू शाळेसाठी मुंबईहून निघालीस त्यानंतरचं लिहितो. अभिमनचे टाके निघाले, परवा त्याला घरी आणलं. मोठं आतडं जवळजवळ सगळं काढलं, खालचा वीतभर भाग ठेवून त्याला लहान आतडं जोडलं. दिवसातून सहा-सात वेळा जावं लागतं, पण हळूहळू कमी होईल म्हणाले. राहिलेल्या भागात दर सहा महिन्यांनी नळी घालून बघायचं, जन्मभर. पोरगं वाळलंय. पण काल स्वतःहून शेवभाजी मागितली. लिलाने दिली नाही, आणि आत जाऊन रडली. काढलेल्या आतड्यात कॅन्सर नव्हता, अक्का. कागदावर लिहून दिलंय. तो कागद मी ऑफिसात सगळ्यांना दाखवला, पाणीपुरवठ्याच्या फायलीत ठेवला, आणि मग अर्धा दिवस शोधत बसलो.

माझी नळी झाली. मी स्वच्छ आहे. एकही मोड नाही. बाहेर येऊन मी पेढे घ्यायला निघालो होतो, पण अभिमन खाटेवर होता, म्हणून परत फिरलो. कौतिकभाऊंना मिळालं आणि मला नाही, याचा आनंद कोणापुढे करायचा?

आता तुझ्यासाठी काम. त्या इस्पितळात एक डॉक्टरीणबाई या दुखण्याचं संशोधन करतात. त्यांनी समजावलं की आपल्या शरीरात जीन नावाच्या सूचना असतात, प्रत्येकीच्या दोन प्रती, एक आईची एक बापाची. या दुखण्याची जीन अमेरिकेत गेल्या वर्षीच सापडली. बिघडलेली प्रत पुढे जाते की चांगली, ही देवापुढची चिठ्ठी, आठ आणे इकडे, आठ आणे तिकडे. त्यांना आपल्या घराण्यातल्या सगळ्यांचं रक्त हवंय. रक्ताचा निकाल यायला वर्षं लागतील, पण त्या निमित्ताने सगळ्यांची नळीने तपासणी होईल, आणि ज्याला मोड असतील तो वेळेत वाचेल. त्यासाठी घराण्याची वंशावळ हवी, गेलेल्यांच्या वयासकट. तुझ्याइतकं सुवाच्य अक्षर आपल्यात कोणाचं नाही.

कळावे, आणि कामाला लागावे, ही विनंती.

रुपचंद

॥ श्री ॥

नशिराबाद, २० एप्रिल १९९२

चि. रुपचंद यास,

अनेक आशीर्वाद. काम झालं. असं झालं की तुझ्या डॉक्टरीणबाईंनी मला नोकरीला ठेवावं.

पणजोबांच्या मागचं आईलाही आठवेना. मग मला आपल्या घराण्याचे भाट आठवले. शालिग्राम भाट दर चार-पाच वर्षांनी येतात, ओट्यावर घोंगडी अंथरून पिढ्या वाचून दाखवतात, नवे जन्म लिहून घेतात आणि धान्य-कपडा घेऊन जातात. बोदवडला आलेत असं कळलं आणि मी गेले. काय ती वही! माझ्या हातभर लांब, लाल कापडात गुंडाळलेली. त्यांनी चालीवर वाचायला सुरुवात केली, मी उतरवायला. सात पिढ्या, चौतीस नावं. मरणाचं वयसुद्धा बहुतेकांचं आहे. तू उभा असशील तर खाली बस: चौतिसातले अकरा जण पन्नाशीच्या आत गेले. कोणी रक्ती आव, कोणी पोटात गोळा, कोणाच्या पुढे नुसतं 'क्षय पोटाचा'. मला लिहिताना हात थांबवावा लागला.

एक गंमत सांगते. वहीत लेकी नाहीतच! सून येते ती अमक्या गावच्या अमक्याची म्हणून अर्ध्या ओळीत, लेक जाते ती गेलीच. मी भाटांना म्हटलं की मी काय उकिरड्यावर सापडले का? ते हसून म्हणाले की तुमचं नाव तुमच्या मालकांच्या वहीत शोधा, बाई. ते बरोबरच आहे म्हणा, रीतच तशी. नानांच्या खाली कौतिक आणि रुपचंद एवढीच दोन नावं. मी चांगली आठ वर्षं मोठी तुझ्याहून, आणि कागदावर जन्मलेच नाही. मज्जाच.

शाळेच्या तक्त्याच्या कागदावर शाईने वंशवृक्ष काढून रजिस्टर पोस्टाने मुंबईला पाठवला. जिवंत पुरुषांत रक्त द्यायचे अकरा निघतात. निंबा, भिकन आणि बाकीचे चुलतभाऊ, त्यांची मुलं. डॉक्टरांनी जूनमध्ये जळगावला यायचं कबूल केलं तर सगळ्यांना मी ओढून आणीन. निंबा सुईला घाबरतो, त्याला आईच्या शपथेवर आणावं लागेल.

लिलाला सांग की अभिमनला आता थोडी शेवभाजी दे, पाणी घालून. लोभ वाढवावा, वजनही वाढवावं.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥

धुळे, २ ऑगस्ट १९९२

ती. सौ. अक्कास,

सा. न. वि. वि.

जळगावच्या त्या दिवसाबद्दल मला तुझं कौतुक करायचं होतं, पण ऑफिसात ऑडिट लागलं. अक्का, तू नसतीस तर अकरातले सहासुद्धा आले नसते. तू यादीवर खुणा करत दारात उभी, निंबाचा दंड धरून ठेवलेला, वर सगळ्यांना दशम्या आणि चटणी. बर्फाच्या डब्यातून रक्ताच्या बाटल्या गाडीने मुंबईला गेल्या तेव्हा मला वाटलं, नानांनी हे पाहायला हवं होतं.

नळीचे निकाल आले. अकरात चौघांना मोड आहेत. भिकनच्या एका मोडात नुकताच कॅन्सर झालेला होता, त्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टर म्हणतात की वेळेत झाली. निंबाची पुढच्या महिन्यात आहे. बाकी दोघं पोरं आहेत, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. म्हणजे चार जीव, अक्का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की इतका नीट लिहिलेला वंशवृक्ष त्यांनी पाहिला नव्हता. घरातलं आणखी कोणी राहिलं का असं त्यांनी विचारलं, तर मी छाती फुगवून सांगितलं की आमच्या अक्काच्या यादीतून कोणी सुटत नाही.

तू मात्र त्या दिवशी फार पांढरी दिसलीस. तब्येतीला जप. दाजींना नमस्कार, प्रमिला आणि तिच्या छकुलीला आशीर्वाद. पोरगी बोलायला लागली की नाही? लोभ आहेच, पण तब्येतीचं लिहिल्याशिवाय तो पोचला असं मी मानणार नाही.

रुपचंद

॥ श्री ॥

नशिराबाद, १९ ऑगस्ट १९९२

चि. रुपचंद यास,

अनेक आशीर्वाद. भिकनचं वाचून मी शाळेतच पत्र छातीशी धरलं. चौथीच्या पोरांनी विचारलं की बाईंना काय झालं, मी त्यांना पाढे लिहायला लावले.

प्रमिलाची छकुली चार वर्षांची झाली, आणि बोलायला लागली म्हणून काय विचारतोस, थांबायची म्हणून विचार. पाचोऱ्याहून आली होती, मला आज्ञा करत होती. थेट माझ्यावर गेली आहे, जावयांचं काही खरं नाही.

माझी तब्येत तुझ्यासारख्यांना सांगायची नसते, नाहीतर गावभर होते. मूळव्याध या वर्षी जरा जास्तच भांडखोर झाली आहे. रक्त जातं, थकवा येतो, बांगड्या कोपरापर्यंत वर सरकतात. वैद्यबुवा म्हणाले की वयाचं आहे, बायकांना या वयात व्हायचंच. पुडी बदलून दिली. पोटात कधीकधी कळ येते, तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून उभी राहते. दिवाळीनंतर रजा घेऊन दाखवीन कोणालातरी. आधी निंबाची शस्त्रक्रिया होऊ दे, तो माझ्याशिवाय आत जाणार नाही म्हणून बसला आहे.

लोभ असू दे, आणि तपासणीची तारीख चुकवू देऊ नकोस त्या पोरांना.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥

जळगाव, २६ नोव्हेंबर १९९२

ती. मामांस,

प्रमिलाचा नमस्कार. वि. वि.

तार मिळाली असेलच. तुम्ही निघण्याआधी हे हातात पडावं म्हणून भराभर लिहिते. आई सोमवारी वर्गात हजेरी घेताना पडली. एकविसाव्या नंबरापर्यंत आली होती म्हणे. पोट फुगलं होतं, आठ दिवस शौचाला झालं नव्हतं, आणि ती एरंडेल पिऊन शाळेत जात होती.

इथल्या सर्जननी त्याच दिवशी पोट उघडलं. आतडं गाठीने बंद झालं होतं. पोटावर भोक पाडून पिशवी लावली आहे. काविळीसारखे डोळे झालेत, गाठ यकृतात गेली आहे म्हणतात. मोठं आतडं मोडांनी भरलेलं आहे. डॉक्टरांनी बाबांना विचारलं की घरात कोणाला असं होतं का, आणि बाबांनी, मामा, तुम्हाला माहीत आहे ते किती बोलतात, बाबांनी एकामागून एक नावं सांगितली. डॉक्टर त्यांच्यावर ओरडले. म्हणाले, भाऊ गेला, बाप गेला, अकरा पुरुषांना तपासलं, आणि या बाईला कोणी तपासलं नाही? बाबा भिंतीला टेकून खाली बसले.

मला काही सुचत नाही. तुम्ही या.

तुमची,
प्रमिला

॥ श्री ॥

धुळे, २० डिसेंबर १९९२

ती. सौ. अक्कास,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून हे लिहितो. जळगावला तुझ्या खाटेशेजारी आठ दिवस बसलो आणि बोलायचं ते बोललो नाही. भाजीचे भाव बोललो. तोंडाने जमेना म्हणून कागद घेतला आहे.

ऑगस्टच्या पत्रात मी तुला अर्धंच लिहिलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तुझा वंशवृक्ष हातात घेऊन मला विचारलं होतं की यात एकही मुलगी कशी नाही, तुमच्या घराण्यात मुली होत नाहीत का. मी हसलो. म्हणालो, होतात ना, पण लग्न होऊन जातात, त्या आता दुसऱ्या घरच्या. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मोड काही सासरचं आडनाव लावत नाहीत, आत्या, बहिणी, भाच्या सगळ्यांची नावं पाठवा. एका चिठ्ठीवर लिहूनही दिलं. ती चिठ्ठी मी फायलीत ठेवली. का ठेवली? प्रमिलाच्या सासरी कळलं तर काय म्हणतील, आत्याच्या नातींची लग्नं व्हायची आहेत, दाजींना कसं सांगायचं, असं आज-उद्या करत राहिलो. पण खरं याहून वाईट आहे, अक्का. त्यांनी बहीण म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तू आलीच नाहीस. त्या विचारत होत्या तेव्हा तू पलीकडच्या खोलीत निंबाला दशमी वाढत होतीस. त्यांना तर तू दवाखान्यातलीच कोणी बाई वाटलीस. आणि तू मला मूळव्याधीचं दोनदा लिहिलं होतंस! कौतिकभाऊंचीही सुरुवात आपण मूळव्याधच समजलो होतो. मी तुझी सगळी पत्रं काढून वाचली. एका शहाण्या माणसाने वाचली असती तर जानेवारीतच कळलं असतं.

भिकन वाचला, अभिमन वाचला, निंबा वाचला, ते तुझ्या हाताने. मला माफ कर असं लिहिणार नाही, मला तेवढी लाज आहे. शिव्या दे. दाजींच्या देखत दे.

रुपचंद

॥ श्री ॥

नशिराबाद, १० जानेवारी १९९३

चि. रुपचंद यास,

अनेक आशीर्वाद, आधी शिव्या. नालायका, ती चिठ्ठी फायलीत ठेवलीस? पाणीपुरवठ्याच्या? मला राग आला आहे आणि तो जाईपर्यंत मी असेन असं वाटत नाही, म्हणून तो तुझ्याकडेच राहू दे. दोन दिवस मी तुझं पत्र उशाखाली ठेवून तुझ्याशी मनात भांडले. तिसऱ्या दिवशी मला आठवलं की तो तक्ता मीच काढला होता. माझ्या हाताने, माझ्या शाईने. लेकी नाहीत हे माझ्या लक्षात आलं होतं, मी तुला गंमत म्हणून लिहिलंही होतं. चौथीच्या पोराने गणितात हातचा सोडला तर मी कान धरते. इथे मी स्वतःलाच सोडलं आणि हसले. तेव्हा निम्म्या शिव्या मला.

आई गावाहून आली आहे. वाकली आहे, पण स्वयंपाकघर कोणाला देत नाही. काल तिने चुलीवर दोन पातेली ठेवली. मी विचारलं की हे बिनतिखटाचं कोणाला, प्रमिलाचे बाबा तर तर्रीच खातात. ती आत गेली. ताट घेऊन आली, आणि त्या पातेल्यातलं मला वाढलं. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी पुरुषांच्या पातेल्यातलं जेवले. काही चव नाही रे त्याला. कसे खात होता तुम्ही? आई पदराने डोळे पुसत बसली होती, म्हणून मी सगळं संपवलं.

आता काम. मी नवा तक्ता काढला आहे, आईला विचारून विचारून. बेचाळीस बायका निघाल्या. भागा आत्या आठवते? छत्तिसाव्या वर्षी गेली, अंगावरून जात होतं म्हणत. अंगावरून नव्हतं ते. तिच्या सासरचे म्हणायचे की माहेरहून करणी घेऊन आली. तिची मुलगी रुक्मा बोदवडला आहे, चव्वेचाळीस वर्षांची, तिला मी पत्र टाकलं. अशा नऊ जणी गेल्या, कोणाच्या वहीत कारण नाही. लाल शाईने लिहिल्या आहेत त्या. तक्ता याच्यासोबत आहे.

आणि प्रमिला. माझ्या या दुखण्याची एवढीच गोष्ट आता माझ्या हातात राहिली आहे. तिची सासू म्हणते की ते दुखणं तुमच्या घराण्याचं, तपासण्या करून आमच्या घरात आणू नका, सून खोटी निघाली असं चार लोक म्हणतील. जावई आईपुढे बोलत नाहीत. ती पंचवीस वर्षांची आहे, रुपचंद. कौतिकच्या वेळी आपल्याला माहीत नव्हतं, माझ्या वेळी आपण विसरलो, तिच्या वेळी आपल्याजवळ काहीच सबब नाही. तू मामा आहेस. जा. भांडायला तुला येत नाही हे मला माहीत आहे, तेव्हा भांडू नकोस, तक्ता वाच.

बोटं दुखतात. लिला, अभिमन यांना आशीर्वाद. मी असले-नसले तरी लोभ चालू ठेव, पण माझ्याबद्दलचा प्रमिलाकडे वळव.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥

पाचोरा, २१ जून १९९३

ती. मामांस,

प्रमिलाचा नमस्कार. वि. वि.

आई जाऊन तीन महिने झाले. तुमचं तिच्यावाचून कसं चाललंय ते तुमच्या अक्षरावरून कळतं, ओळी खाली उतरतात. बाबा आता थोडं बोलतात. संध्याकाळी आईच्या खुर्चीजवळ बसून तिला दिवसभराचं सांगतात. आम्ही थांबवत नाही.

मामा, तुम्ही मेअखेरीस आमच्या ओसरीवर बसून तक्ता वाचलात, ते अजून गल्लीत बोलतात. मला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही चहा बाजूला ठेवलात, आणि भाट वाचतात तसं, एकेक नाव, कोणाची लेक, कुठे दिली, कितव्या वर्षी गेली. भागाबाई, छत्तीस. तिची बहीण, एकोणचाळीस. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. शेवटी तुम्ही आईचं नाव घेतलंत, द्रौपदा, सत्तेचाळीस, आणि तक्त्याची घडी घातलीत. सासूबाई उठून आत गेल्या. मला वाटलं संपलं. आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी पिशवी भरली आणि म्हणाल्या की मुंबईची गाडी किती वाजता असते. त्यांची स्वतःची एक बहीण पस्तिसाव्या वर्षी गेली होती, कशाने ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. हे त्यांनी मला गाडीत सांगितलं.

गेल्या मंगळवारी माझी नळी झाली. मला आहेत, मामा. आईसारखेच, शेकड्यांनी. अजून कॅन्सर नाही असं तुकडे तपासून सांगितलं. शस्त्रक्रिया बारा जुलैला आहे, अभिमनची झाली तीच. मला फार भीती वाटते. तुम्ही आणि लिलामामी याल ना? अभिमनलाही आणा, त्याला बघितलं की मला बरं वाटेल. रुक्मामावशीला मोड नाहीत, तिने पेढे पाठवले होते. मी एक खाल्ला.

तुमच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. आईचा तक्ता त्यांच्या टेबलावर होता, दोन्ही, जुना आणि लाल शाईचा. त्यांनी माझं नाव लिहिलं, रक्त घेतलं आणि विचारलं की घरातलं आणखी कोणी राहिलं का. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. छकुली माझ्या मांडीवर होती, डॉक्टरांच्या पेनाशी खेळत होती. मला क्षणभर वाटलं, नाही म्हणावं. एवढीशी तर आहे. मग मी सांगितलं की हो, माझी मुलगी राहिली आहे, पाचवं लागलंय. त्या म्हणाल्या की आत्ता काही करायचं नाही, दहा-बारा वर्षांची झाली की दरवर्षी आणायची. आणि माझ्या नावाखाली रेघ ओढून त्यांनी तिचं नाव लिहून घेतलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी एकच पातेलं चढवलं, सगळ्यांसाठी कमी तिखटाचं. छकुलीने नाक मुरडलं, मग जेवली.

मामींना नमस्कार. तुमचा लोभ आहेच, बारा तारखेला तो घेऊन या.

तुमची,
प्रमिला